‘अलीकडेच’ म्हणजे कधी?

२०२५ च्या जानेवारीत एका महाविद्यालयीन निबंधस्पर्धेचे कागद माझ्याकडे तपासायला आले. विषय नेहमीचाच, आपलं शहर आणि त्याचं भवितव्य. पहिले दहा-बारा निबंध माणूस प्रामाणिकपणे वाचतो. मग डोळा सरावतो आणि वाक्य सुरू झालं की त्याचा शेवट आधीच कळायला लागतो. त्या गठ्ठ्यात सगळ्यांत जास्त वेळा भेटलेलं वाक्य होतं, ‘नुकत्याच वाचनात आलेल्या एका बातमीनुसार...’ कुणी ‘अलीकडेच’ लिहिलं होतं, कुणी ‘वृत्तपत्रांतील ताज्या बातमीवरून’. त्यातला एक निबंध खरोखर चांगला होता. अक्षर सुबक, वाक्यं मोजकी, मुद्दा स्वतःचा. त्यात एक वाक्य होतं, ‘नुकत्याच आलेल्या बातमीनुसार सोलापूरला विमानसेवा सुरू झाली असून चादर आणि टॉवेलच्या व्यापाऱ्यांची मोठी सोय झाली आहे.’

मी चहाचा कप खाली ठेवला. ज्या दिवशी मी हे वाचत होतो त्या दिवशी सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळावरून एकही प्रवासी विमान उडत नव्हतं.

मुलगी खोटं बोलली नव्हती. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने सोलापूर विमानतळाचं उद्घाटन केलं होतं. दुसऱ्या दिवशीचे अंक त्याच बातमीने भरले होते, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. इमारत तयार होती, फीत कापली गेली होती. फक्त विमान नव्हतं. गोव्याला जाणारं पहिलं विमान उडालं ९ जून २०२५ ला, म्हणजे उद्घाटनानंतर आठ महिने उलटून गेल्यावर. त्याच्याही मागे जायचं तर विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, तेव्हाही ‘आता विमानसेवेचा मार्ग मोकळा’ अशा बातम्या आल्या होत्याच. तेव्हाच्या एखाद्या निबंधात ‘विमानसेवा सुरू होत आहे’ असं वाक्य असणार, हे मी पैजेवर सांगतो.

गंमत अशी, की तेच वाक्य तिने सहा महिन्यांनी लिहिलं असतं तर खरं ठरलं असतं. वाक्यातला एकही शब्द न बदलता. जे वाक्य जानेवारीत चूक आणि जूनमध्ये बरोबर असतं, त्या वाक्यात कसली तरी उणीव आहे, आणि ती उणीव म्हणजे तारीख. ‘नुकत्याच आलेल्या बातमीनुसार’ या तीन शब्दांच्या जागी ‘२९ सप्टेंबरला उद्घाटन झालं’ एवढं लिहायला ती बसली असती, तर पुढचा प्रश्न तिचा तिलाच पडला असता, की बरं, मग पहिलं विमान कधी उडालं? तारीख लिहिताना माणूस जरा थबकतो. ‘अलीकडेच’ लिहिताना थबकत नाही. माझा या शब्दावर राग आहे तो यासाठी.

मी तिचे दोन गुण कापले. नंतर मला त्याची लाज वाटली, कारण आदल्याच वर्षी मी स्वतः याहून मोठा पराक्रम केला होता.

दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा तर तो ऐन उन्हाळ्यात किंवा पावसाच्या तोंडावर लिहावा लागतो. संपादकांना जुलैत मजकूर हवा असतो. २०२४ च्या जूनमध्ये मी पाण्यावर लिहायला बसलो. शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत होतं, बायको पिंपं भरून ठेवत होती, आणि समोरच्या अंकात मथळा होता, की उजनी मायनस साठ टक्क्यांच्या जवळ गेलं. मी लिहिलं, ‘अलीकडच्या बातम्यांनुसार उजनी धरण पूर्ण कोरडं पडलं असून...’ लेख गेला. त्याच वर्षी पावसाने हात सैल सोडला, ऑगस्टमध्ये उजनी भरलं, शंभरी ओलांडली. दिवाळीत लोक चकल्या खाता खाता माझा लेख वाचत होते, त्यात धरण कोरडं होतं आणि खऱ्या धरणाच्या दारांतून पाणी सोडून झालेलं होतं.

पण ही अर्धीच चूक. उरलेली अर्धी एका निवृत्त इंजिनिअरने काढली. पाटबंधारे खात्यात हयात गेलेला माणूस. पार्क चौकात गाठलं मला. ‘सर, तुमचा लेख वाचलो. चांगला आहे. पण धरण कोरडं कुठं झालं ओ? मायनस साठला बी एकतीस टीएमसी पाणी होतं की त्यात.’ मी म्हटलं, मायनस म्हणजे शून्याच्या खाली ना? ते हसले. त्यांनी खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर मला तीन आकडे लिहून दिले. ते तिकीट अजून माझ्या पाकिटात आहे.

ते आकडे असे. उजनीत एकूण मावतं सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातलं तळाचं ६३.६६ टीएमसी हा मृत साठा. वरचं ५३.५७ टीएमसी ते उपयुक्त. बातमीत जी टक्केवारी येते ती फक्त या वरच्या ५३.५७ ची. मृत साठ्याची पातळी म्हणजे शून्य टक्के. म्हणून धरण ‘शून्य टक्क्यांवर’ येतं तेव्हा त्यात ६३ टीएमसीहून जास्त पाणी असतं. ‘पन्नास टक्के’ म्हणतात तेव्हा एकूण पाणी नव्वद टीएमसीच्या पुढे असतं. मायनस साठ म्हणजे ५३.५७ च्या साठ टक्क्यांइतकं पाणी मृत साठ्यातून काढलेलं, उरलं सुमारे साडेएकतीस टीएमसी. आणि ठरलेल्या पातळीच्याही वर पाणी साठवलं की धरण १११ टक्केही भरतं, ज्याचं बाहेरगावच्या पाहुण्यांना फार नवल वाटतं. मृत साठा हा शब्द ऐकून ते पाणी मेलेलं आहे असं वाटतं, पण सोलापूर शहर कित्येक उन्हाळे त्याच पाण्यावर जगलंय.

म्हणजे बातमी खरी होती. आकडा खरा होता. मी तो आकडा कशाचा आहे हे विचारलं नाही. बातमीदाराला ते सांगायची गरज वाटत नाही, कारण त्याचा वाचक रोजचा आहे आणि काल पंचावन्न होतं, आज साठ झालं एवढंच त्याला कळायला हवं. बातमी ही रोजच्या वाचकाशी मध्येच सुरू झालेलं बोलणं असते. लेखक तिथून एक वाक्य उचलतो आणि ज्याने आधीचं काही ऐकलेलं नाही त्याच्यासमोर ठेवतो. त्या वाक्यामागचं सगळं सांगणं मग लेखकाचं काम होतं. बातमीदाराचं ते नव्हतंच.

आता कांद्याकडे येतो, कारण कांद्याच्या एका बातमीचं मराठी लेखकांनी जे केलंय ते मला सगळ्यांत जास्त खुपतं.

२०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातला एक शेतकरी सोलापूरच्या बाजार समितीत कांदा घेऊन आला. दहा पोती, वजन ५१२ किलो. भाव मिळाला किलोला एक रुपया. ५१२ रुपयांतून हमाली, तोलाई, गाडीभाडं मिळून ५०९ रुपये ५१ पैसे कापले गेले. राहिले २ रुपये ४९ पैसे. चेक निघाला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. ही बातमी देशभर गेली आणि जायलाच हवी होती. तिच्यात सगळं होतं, पोती, वजन, भाव, कपात, चेक. ती बातमी म्हणजे एका शेतकऱ्याची हिशोबपट्टी होती.

पुढे काय झालं? मी स्वतः वाचलेल्या एका लेखात ‘सोलापुरात कांदा दोन रुपये किलो’ असं होतं. दुसऱ्यात ‘सोलापूरच्या शेतकऱ्यांना कांद्याचे दोन रुपये मिळतात’ असं, चालू काळात आणि अनेकवचनात, जणू रोज सकाळी आवारात दोन रुपयांचे चेक वाटले जातात. व्यापाऱ्याचं म्हणणं त्याच बातम्यांत आलेलं होतं, की हा माल हलक्या प्रतीचा होता आणि त्याच शेतकऱ्याच्या आधीच्या मालाला यापेक्षा बराच जास्त भाव मिळाला होता. ते कुणीच घेतलं नाही. का घेतलं नाही ते मला समजतं. ते घेतलं की गोष्ट जरा बोथट होते. पण मला विचाराल तर उलट आहे. हलक्या प्रतीचा कांदा असेल तर त्याची हमाली, तोलाई आणि भाडं कमी लागत नाही, हा तर खरा मुद्दा. भाव पडला तरी कपात तेवढीच. पोत्यावर हात लावणाऱ्या प्रत्येकाचं ठरलेलं असतं, फक्त पिकवणाऱ्याचं ठरलेलं नसतं. व्यापाऱ्याचं वाक्य लेखात घेतलं असतं तर युक्तिवाद कमकुवत न होता टोकदार झाला असता. आपल्या बाजूला गैरसोयीचा वाटणारा तपशील गाळायची घाई करणाऱ्याला बातमीतला सगळ्यांत कामाचा भाग दिसतच नाही.

याच बाजाराची दुसरी बाजू पाहा. बाजार समितीच्या दरपत्रकात रोज तीन आकडे असतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही ते दिसतात. मथळा मात्र बहुतेक वेळा कमालचा होतो, कारण ‘कांद्याला विक्रमी दर’ असं त्यावरच लिहिता येतं. कमाल दर एखाद्या गाडीलाही मिळालेला असू शकतो. आवारातल्या बहुतेकांच्या पट्टीवर जे उतरतं ते सर्वसाधारणच्या आसपास असतं. मग शहरातला मध्यमवर्गीय लेखक विक्रमी दराच्या बातमीवरून लिहितो की शेतकरी मालामाल झाला, आणि शेतकऱ्याच्या बाजूचा लेखक दोन रुपयांच्या चेकवरून लिहितो की शेतकरी संपला. दोघांकडेही बातमीचं कात्रण आहे. दोघांनीही सर्वसाधारण रकाना वाचलेला नाही.

आडतीवर शेतकऱ्याला जी पट्टी मिळते ती कधी हातात घेऊन बघा. पातळ कागद, शाई बोटाला लागते. वर तारीख, गाळ्याचं नाव, माल कुणाचा, किती पोती, वजन किती, भाव काय, मग खाली एकामागून एक कपाती, आणि शेवटी हातात काय पडलं. त्यात ‘अलीकडेच’ नसतं. ‘सुमारे’ नसतं. आवारात कुणी म्हणालं की ‘परवा कुणाला तरी चांगला भाव मिळाला म्हणे’, तर शेजारचा शेतकरी पहिला शब्द बोलतो, ‘पट्टी दाखव.’ लेखात बातमी वापरताना एवढीच अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे? कुठल्या दिवशीची, कुणी सांगितलेलं, कशाबद्दल, आणि त्यातून तुम्ही काय कापलंत.

कुणी सांगितलेलं, याबद्दल आमच्या गावाला तसं पदव्युत्तर शिक्षण मिळालेलं आहे. सोलापूरकर बातमी क्रियापदावरून वाचतो. प्रस्ताव पाठवला, तत्त्वतः मान्यता, प्रशासकीय मान्यता, निधी मंजूर, निविदा प्रसिद्ध, भूमिपूजन, काम प्रगतिपथावर, चाचणी यशस्वी, लोकार्पण, कार्यान्वित. या दहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर एक बातमी होते, प्रत्येक बातमीत फोटो असतो. उजनी ते सोलापूर ही सुमारे ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी घ्या. तिच्यावरच्या बातम्यांची कात्रणं जोडली तर तीच सोलापूरपासून मोहोळपर्यंत तरी जातील. यातल्या कुठल्याही एका पायरीची बातमी उचलून ‘सोलापूरचा पाणीप्रश्न सुटला’ असंही लिहिता येतं आणि ‘सोलापूरचा पाणीप्रश्न सुटणार नाही’ असंही. २०१६ च्या जानेवारीत केंद्राने स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरं जाहीर केली, त्यात सोलापूर नववं होतं. ती बातमी निवडीची होती. आम्ही कित्येक लेखांत ती निकालाची म्हणून वाचली.

पुष्कळ बातम्या या मुळात कुणाच्या तरी बोलण्याच्या असतात, घडण्याच्या नसतात. अमुक मंत्री म्हणाले, संघटनेने आरोप केला, आयुक्तांनी सांगितलं, सूत्रांकडून समजतं. बातमीदार बिचारा काळजी घेऊन ‘म्हणाले’ लिहितो. लेखक तो ‘म्हणाले’ तेवढा काढून टाकतो. ‘दहा हजार रोजगार निर्माण होतील, असे ते म्हणाले’ याचं लेखात ‘दहा हजार रोजगार निर्माण होत आहेत’ होतं. पुढच्या सभेत दुसरा पुढारी तो लेख हातात धरून सांगतो, की विचारवंतसुद्धा मान्य करतायत. त्याची पुन्हा बातमी. एक आकडा भाषणातून निघतो, बातमीतून लेखात येतो, लेखातून परत भाषणात जातो, आणि या फेरीत त्याला एकदाही कुणी मोजलेलं नसतं. प्रत्येक टप्प्यावर मात्र तो जास्त भारदस्त दिसत जातो. या फेरीत बातमीदाराचा दोष कमी आणि लेखकाचा जास्त, असं माझं मत आहे. बातमीदाराला संध्याकाळी पान सोडायचं असतं. लेखकाला आठवडा असतो.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो मला मोलाचा वाटतो. माझे एक मित्र गेली तीस वर्षं स्तंभ लिहितात. ते म्हणाले, ‘अहो सर, आम्ही काय पीएचडी करतोय का? वाचकाला मुद्दा हवा असतो. तारखा आणि टीएमसी घातले की तो पान उलटतो. आणि सोलापूरसारख्या गावात बातमीशिवाय दुसरं साधन आहे कुठे? महापालिकेचा एखादा जुना अहवाल मागून बघा, मिळतो का.’

त्यांचं शेवटचं वाक्य सोळा आणे खरं आहे. मुंबई-पुण्याच्या प्रश्नांवर अहवाल असतात, संस्था असतात, अभ्यास असतात. आमच्याकडे एखादा यंत्रमाग कारखाना बंद पडला, एखादं तळं बुजलं, एखाद्या पेठेत गटाराचं पाणी नळात आलं, तर त्याची जगातली एकमेव लेखी नोंद म्हणजे स्थानिक दैनिकाच्या चौथ्या पानावरचा दोन इंचांचा मजकूर. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, पण अर्ज करून तीस दिवस थांबायची तयारी किती लेखकांची असते? तेव्हा बातम्या वापरू नका असं मी म्हणतच नाही. बातमी हाच आपला दफ्तरखाना असेल तर तो नीट वापरायला हवा, एवढंच. तलाठ्याच्या दफ्तरातून उतारा घेताना आपण गट नंबर सांगतो की नाही?

आणि वाचक पान उलटतो हे मला पटत नाही. मायनस साठ टक्क्यांत एकतीस टीएमसी पाणी असतं, हे मी आजवर ज्या ज्या माणसाला सांगितलं त्याने मोबाईल खाली ठेवला आहे.

‘ताजी’ बातमीच का, हाही एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बरंचसं तांत्रिक आहे. आपल्याला जुनी मराठी बातमी सापडतच नाही. वीस वर्षांपूर्वीची मराठी संकेतस्थळं ज्याच्या त्याच्या स्वतंत्र फॉन्टमध्ये होती. युनिकोड रुळायच्या आधीचा तो मजकूर आज उघडला तर अक्षरांच्या जागी किडे-मुंग्या दिसतात, आणि शोधयंत्राला तर तो मराठी वाटतच नाही. ई-पेपर आले, पण त्यातलं पान बहुधा चित्र असतं, शब्दाने शोधता येत नाही. मग लेखक ‘सोलापूर पाणी’ असं टाकतो आणि त्याला मागच्या आठवड्याच्या पंधरा बातम्या मिळतात. त्याचा समज होतो की हा प्रश्न मागच्या आठवड्यात सुरू झाला. शहराला पाणी देणारं हिप्परग्याचं तळं ब्रिटिशांच्या काळातलं, भीमेवरच्या औज बंधाऱ्यातून टाकळीला पाणी उचलायची व्यवस्था कधीची, उजनीची पहिली जलवाहिनी कधीची, या तीन वयांच्या तीन साधनांची गोष्ट त्या पंधरा बातम्यांत नसते. ताजेपणाला आपण पुराव्याचा गुण समजतो. पुष्कळदा तो फक्त शोधयंत्राचा गुण असतो.

वाचनालयात जुन्या अंकांचे बांधीव खंड असतात. धूळ असते, कसर लागलेली असते, आणि खंड काढून द्यायला शिपाईमामा कुरकुरतात. पण तिथे एक गोष्ट आपोआप होते. बातमी एकटी भेटत नाही. तिच्या शेजारची बातमी दिसते, दुसऱ्या दिवशीचा खुलासा दिसतो, आठवड्याने आलेलं वाचकाचं पत्र दिसतं. मोबाईलवर आलेलं कात्रण या सगळ्यांतून कापून आणलेलं असतं. त्यावर बऱ्याचदा पेपरचं नावही नसतं. २०१९ चं कात्रण २०२५ मध्ये फिरताना मी पाहिलंय, पुराचं. लोक काळजीने नातेवाइकांना फोन करत होते.

जुन्या अंकांचा विषय निघाला तर १९३० सांगितल्याशिवाय सोलापूरकराला राहवत नाही. त्या मे महिन्यात शहरातून इंग्रजी अंमल काही दिवस नाहीसा झाला, १२ मे ला मार्शल लॉ आला, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ या पत्राचे संपादक होते. ‘कर्मयोगी’च्या संपादकांनाही मार्शल लॉच्या काळात शिक्षा झाली. आता कुणाला त्या मे महिन्यातल्या बातम्यांच्या आधारे लिहायचं असेल, तर त्याला आधी विचारावं लागतं की त्या आठवड्यात या गावात छापायची मुभा कुणाला होती. लिहिणारा आत होता की बाहेर? सरकारी पत्रकावरून लिहीत होता की मंगळवार पेठेत उभं राहून? सरकारी कागदात ती दंगल आहे आणि गावाच्या आठवणीत ते स्वराज्य आहे. इतिहास लिहिणारा हे प्रश्न विचारतो, कारण बातमी नव्वद-पंचाण्णव वर्षं जुनी आहे म्हणून त्याला ती आपोआप संशयास्पद वाटते. परवाच्या बातमीला आपण ते विचारत नाही, का तर ती परवाची आहे. परवाच्या बातमीचे मालक, जाहिरातदार आणि पत्रकं पाठवणारे लोक तर अजून जिवंत आहेत! २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रात पेड न्यूजचा केवढा बोभाटा झाला. उमेदवाराचं कौतुक तेच, वाक्यं तीच, वेगवेगळ्या पत्रांत. ती पानंही कुणीतरी ‘बातमीनुसार’ म्हणून वापरली असतीलच.

एक वैयक्तिक सवय सांगतो. हल्ली लेखात बातमी घेतली की मी लेख पाठवायच्या दिवशी तीच बातमी पुन्हा शोधतो. दर तीन-चार वेळांत एकदा तरी काहीतरी हललेलं सापडतं. स्थगिती आलेली असते, आकडा दुरुस्त झालेला असतो, संकेतस्थळावरचा मथळाच बदललेला असतो. मग वाक्य बदलावं लागतं आणि कधी कधी मुद्दाही. एकदा तर अख्खा लेख टाकून द्यावा लागला. संपादक चिडले. त्यांचं पान रिकामं राहिलं, ते भरायला त्यांनी पाककृती टाकली. शेंगाचटणीची. लोकांना ती माझ्या लेखापेक्षा जास्त आवडली असणार.

वडील गिरणीत होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत पोस्टाच्या पासबुकाबरोबर एक पत्र्याची पेटी निघाली, तिच्यात कात्रणं. बहुतेक गिरणीची. त्यातलं एक मी लेखात वापरायचं ठरवलं होतं. मथळा आहे, ‘गिरणी पुन्हा सुरू होण्याची चिन्हे’. मजकूर दोन परिच्छेदांचा, कामगारमंत्री, मालक आणि युनियन यांच्यात बैठक झाली, तोडगा दृष्टिपथात आहे, असं. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटायला आलाय. कडा कात्रीने अगदी सरळ कापलेल्या आहेत, वडिलांचा हात तसा होता. तारीख कुठेच नाही. वरची पट्टी, जिथे वार, दिनांक आणि पेपरचं नाव असतं, ती त्यांनी कापून टाकली आहे.

मी पाठीमागचा मजकूर पाहिला. अर्ध्या सिनेमाची जाहिरात आणि धान्याच्या भावांचा कापला गेलेला रकाना. ज्वारी मालदांडी, पुढचा आकडा कात्रीत गेलेला. सिनेमाच्या नावातली शेवटची दोन अक्षरं शिल्लक आहेत. त्यावरून वर्ष काढता येईल का म्हणून मी दोन रविवार वाचनालयात घालवले. बैठका पुष्कळ झाल्या होत्या आणि प्रत्येक बैठकीनंतर चिन्हे होती. यातलं कुठलं चिन्ह पेटीत आलं ते मला सापडलं नाही. लेखात ते कात्रण मी वापरलं नाही.

आईला विचारलं, हे कधीचं गं? ती म्हणाली, ‘ते रोज सकाळी पेपर वाचायचे ना, तेव्हा कापलं असंल.’ तारीख का नाही ठेवली त्यांनी, असं मी म्हटलं. ती माझ्याकडे जरा नवलाने बघत राहिली. ‘त्यांना कशाला लागती तारीख? उद्याच भोंगा वाजणार म्हणून कापलं होतं ते.’